शिपायांनी योहानाला विचारलेला प्रश्न

श्रद्धाशिक्षण : पोलीस, सैनिक आणि बळाच्या वापराची मर्यादा



उपासनेच्या ‘क’ वर्षात आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी संत लूककृत शुभवर्तमानातील एक छोटा प्रसंग मिस्सामध्ये वाचला जातो (लूक ३:१०-१८). यार्देन नदीच्या परिसरात योहान पश्चात्तापाची हाक देत आहे. ती ऐकून लोक त्याच्याकडे येतात आणि आता आम्ही काय करावे, असे विचारतात. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक नसलेल्याला द्यावा, असे तो सांगतो. मग जकातदार येतात. ठरवून दिल्यापेक्षा अधिक वसूल करू नका, असे तो त्यांना बजावतो. सर्वांत शेवटी येतात ते शिपाई. त्यांचाही प्रश्न तोच.

हे शिपाई बहुधा हेरोदाच्या चाकरीतले असावेत, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यांना योहानाने दिलेले उत्तर आपण पुष्कळदा ऐकले आहे, पण त्यावर थांबून विचार क्वचितच केला आहे. तुमची नोकरी सोडा, असे तो म्हणत नाही. तो तीन गोष्टी सांगतो : जबरदस्तीने कोणाकडून काही उकळू नका, कोणावर खोटा आरोप करू नका, आणि आपल्या पगारात समाधानी राहा. म्हणजे हातातले हत्यार, हातातला अधिकार आणि हाताला लागलेली लालूच, या तिन्हींना त्याने कुंपण घातले.

आपल्यापैकी काही कुटुंबांतील मुलगे-मुली पोलीस दलात वा सैन्यात आहेत, काही भरतीची तयारी करीत आहेत. ज्यांच्या घरी वर्दी नाही त्यांचाही या प्रश्नाशी संबंध आहे. कारण पोलीस आणि सैनिक बळ वापरतात ते तुमच्या-माझ्या नावाने. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा अभ्यास करू.

१. वर्दी हे पाप नव्हे

पहिली गोष्ट स्पष्ट असू द्या. दुर्बळाचे रक्षण करण्यासाठी बळ वापरणे ख्रिस्तसभा नाकारीत नाही. ज्याच्यावर इतरांच्या जीविताची जबाबदारी आहे, त्याच्यासाठी संरक्षण हा केवळ हक्क नसून ते गंभीर कर्तव्य आहे, असे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे (क्र. २२६५). दंगलीत सापडलेल्या कुटुंबाला वाचवायला जो पोलीस जमावापुढे उभा राहतो, तो प्रेमाच्या आज्ञेचे पालनच करीत असतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली सैनिकांना लोकांच्या सुरक्षिततेचे आणि स्वातंत्र्याचे सेवक म्हटले.

शुभवर्तमानातही प्रभू येशूने कफर्णहूमच्या शताधिपतीच्या विश्वासाचे कौतुक केले. पेत्राच्या हातून ज्या परराष्ट्रीय घराण्याचा बाप्तिस्मा झाला, तो कर्नेल्यही सैन्यातला अधिकारी होता. आपला झगा फाडून अर्धा भिकाऱ्याला देणारे संत मार्टिन तेव्हा रोमन सैन्यातच होते.

तेव्हा वर्दी चढवावी की नाही, हा प्रश्न येथे नाही. वर्दी चढविल्यावर हात कुठे थांबवावा, हा खरा प्रश्न आहे.

२. बळाला माप असते

तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाचा विचार करताना एक साधे सूत्र मांडले. हेतू चांगला असला तरी कृती त्या हेतूच्या मानाने अतिरेकी झाली, तर ती चुकीची ठरते. जिवावर आलेला हल्ला परतविण्यास जेवढे बळ लागते तेवढे न्याय्य. त्याहून अधिक अन्याय्य. पुढे ते आणखी एक सूक्ष्म गोष्ट सांगतात. शत्रूशी लढणारा सैनिक किंवा दरोडेखोराशी झुंजणारा न्यायाधीशाचा शिपाई कर्तव्य करीत असला, तरी तो वैयक्तिक वैरभावाने पेटून ते करीत असेल, तर तोही पाप करतो.

यातून प्रत्येक प्रसंगी विचारण्याजोगे चार प्रश्न मिळतात. बळाची खरोखर गरज आहे का? वापरलेले बळ धोक्याच्या प्रमाणात आहे का? ते योग्य माणसावरच वापरले जात आहे का? आणि माझ्या मनात रक्षण आहे की राग?

देशाचा कायदाही याच वाटेने जातो. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम ४३ नुसार अटकेला जोरजबरीने विरोध करणाऱ्यावर आवश्यक ते उपाय वापरता येतात. परंतु ज्याच्यावर मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळत नाही. कलम ४६ सांगते की अटक केलेल्याला पळून जाण्यापासून रोखण्यास लागेल त्यापेक्षा अधिक जखडू नये. बेकायदा जमाव पांगविण्यासाठी सैन्य बोलवावे लागले, तर अधिकाऱ्याने शक्य तितके कमी बळ वापरावे आणि कमीत कमी इजा करावी, हाही कायदाच आहे.

हे माप सुटले की काय होते, ते आपल्या देशाने १३ एप्रिल १९१९ रोजी अमृतसरला पाहिले. जालियनवाला बागेत जनरल डायर याने जमावाला पांगण्याची सूचना न देता गोळीबार सुरू केला. सुमारे दहा मिनिटांत १६५० फैरी झाडल्या गेल्या. सरकारी आकड्याप्रमाणे ३७९ माणसे मेली. प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक, असे भारतीय चौकशीतून पुढे आले. नंतर हंटर समितीपुढे डायरने सांगितले की केवळ जमाव पांगविणे एवढाच त्याचा उद्देश नव्हता, साऱ्या पंजाबवर वचक बसवायचा होता. रक्षणासाठी दिलेले बळ धडा शिकविण्यासाठी वापरले गेले, आणि तिथेच ते खून झाले.

३. हात बांधल्यावर

बळाची गरज केव्हा संपते? समोरचा माणूस ताब्यात आला की संपते. त्याच्या हातात हत्यार नाही, त्याला पळता येत नाही; मग त्याच्यावर पडणारा पहिला फटकाही जास्तीचाच असतो.

या बाबतीत प्रभू येशूचा एक प्रसंग आपण पवित्र शुक्रवारी ऐकतो. हन्नाच्या पुढे उभे असताना येशूला एका शिपायाने चपराक मारली (योहान १८:२२-२३). येशूने प्रतिकार केला नाही, पण तो गप्पही बसला नाही. मी चुकीचे बोललो असेन तर ते सिद्ध कर, नसेन तर मला का मारतोस, अशा अर्थाचा प्रश्न त्याने केला. बांधलेल्या माणसाने मारणाऱ्याला विचारलेला हा प्रश्न आजही कित्येक कोठड्यांत अनुत्तरित आहे.

कबुली मिळविण्यासाठी, शिक्षा म्हणून, विरोधकाला घाबरविण्यासाठी वा द्वेष शमविण्यासाठी केलेला शारीरिक अथवा मानसिक छळ मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, असे धर्मशिक्षणग्रंथ सांगतो (क्र. २२९७). पोप पहिले निकोलस यांनी इ. स. ८६६ मध्येच बल्गेरियातील लोकांना लिहिताना, मारहाण करून कबुली काढण्याची पद्धत चुकीची ठरविली होती. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की पुढे १२५२ साली पोप चौथे इनोसंट यांनी पाखंडाच्या चौकशीत छळाला परवानगी दिली. ख्रिस्तसभेच्या इतिहासावरचा तो डाग आहे, आणि धर्मशिक्षणग्रंथही (क्र. २२९८) तो लपवीत नाही. चांगल्या हेतूच्या नावाखाली छळाला दार उघडले की काय होते, हे आपण स्वतःच्या घरात पाहिले आहे. म्हणून इतरांना सांगताना आपला आवाज नम्र असावा, पण ठाम असावा.

पोलिसांपुढे दिलेली कबुली आपल्या न्यायालयात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. फार जुन्या काळापासूनचा हा नियम नव्या साक्ष अधिनियमातही कायम आहे. १८ डिसेंबर १९९६ रोजी डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी असावी. अटकेचा पंचनामा जागेवरच करून त्यावर साक्षीदाराची व अटक झालेल्याची सही घ्यावी. नातेवाईक वा मित्राला कळवावे. कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. वकिलाला भेटू द्यावे. डिसेंबर २०२० मध्ये न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला.

इतके नियम का लागले? जून २०२० मधील तामिळनाडूतील सातानकुळमची घटना आठवावी. टाळेबंदीच्या काळात ठरलेल्या वेळेनंतर दुकान उघडे ठेवल्याच्या आरोपावरून १९ जून रोजी बाप-लेकांना पोलिसांनी ताब्यात घेतले. २२ तारखेला मुलगा गेला, २३ तारखेला बाप. दुकानाच्या वेळेचा नियम मोडल्याचा आरोप, आणि एका घरातले दोन जीव! केंद्रीय अन्वेषण विभागाने त्या वर्षी सप्टेंबरमध्ये नऊ पोलिसांवर आरोपपत्र ठेवले.

पण या अंधाऱ्या कथेत एक दिवा आहे. त्याच ठाण्यातील एका महिला हवालदाराने चौकशीला आलेल्या दंडाधिकाऱ्यांना, त्या दोघांना रात्रभर मारहाण झाल्याचे सांगितले. आपले सहकारी, आपले वरिष्ठ, आपली नोकरी, घरची मुले, हे सारे डोळ्यांपुढे असताना ती बोलली. तिला संरक्षण द्यावे लागले. योहानाने शिपायांना जे सांगितले, ते तिने वर्दीत राहून केले.

४. रणांगणावरही कायदा असतो

युद्धात सर्व काही माफ असते, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. ख्रिस्तसभेची शिकवण नेमकी उलट आहे. युद्ध पेटले म्हणून नीतिनियम रद्द होत नाहीत. युद्धात भाग न घेणारे नागरिक, जखमी सैनिक आणि युद्धकैदी यांना माणुसकीने वागविलेच पाहिजे (क्र. २३१२-२३१३). सरसकट शहरेच्या शहरे उद्ध्वस्त करणारे युद्ध हा देव आणि मानव यांच्याविरुद्धचा अपराध आहे, असे व्हॅटिकन विश्वपरिषदेने बजावले.

२४ जून १८५९ रोजी इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. योगायोगाने तेथे पोहोचलेला हेन्री द्युनाँ हा स्विस व्यापारी हजारो जखमी तसेच पडलेले पाहून हादरला. जवळच्या कास्तिल्योने गावातील बायकांना सोबत घेऊन, देवळांतच जखमींना निजवून, त्याने शुश्रूषा सुरू केली. हा आपला की शत्रूचा, असा भेद त्यांनी केला नाही. त्या अनुभवातून रेड क्रॉसची चळवळ आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार जन्मला. आज जगभर मान्य असलेले चार जिनिव्हा करार १२ ऑगस्ट १९४९ चे आहेत. भारताने ते स्वीकारले आणि १९६० साली त्यासाठी कायदाही केला.

१९७१ च्या युद्धानंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी सैनिक व नागरिक भारताच्या ताब्यात होते. त्यांना छावण्यांत ठेवून, पुढे करार झाल्यावर परत पाठविण्यात आले. जिंकलेल्या सैन्याचे मोठेपण हरलेल्याला तो कसा वागवितो यावरून दिसते.

५. ‘वरून हुकूम होता’

बळाचा गैरवापर झाल्यावर सर्वांत जास्त ऐकू येणारी सबब हीच. शिस्तीच्या दलात हुकूम पाळावाच लागतो, हे खरे. परंतु आंधळे आज्ञापालन दोष पुसून टाकीत नाही, असे धर्मशिक्षणग्रंथ म्हणतो (क्र. २३१३). मुंबई परिसरातील एका चकमकीच्या खटल्यात २०११ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. वरिष्ठांनी सांगितले म्हणून खोटी चकमक केली, ही सबब चालणार नाही, असे बजावताना न्यायालयाने न्यूरेंबर्गच्या खटल्यांची आठवण दिली. तेथे नाझी अधिकाऱ्यांनी हीच सबब पुढे केली होती.

एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी २३ मार्च १९८० च्या रविवारी प्रवचनात थेट सैनिकांना साद घातली. तुम्ही मारता ते शेतकरी तुमचेच भाऊ आहेत; देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम पाळण्यास कोणताही सैनिक बांधील नाही, असे त्यांनी सांगितले. दुसऱ्याच दिवशी मिस्सा अर्पण करीत असताना त्यांना गोळी घालण्यात आली. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी ते संत म्हणून घोषित झाले.

६. आणि आपण काय करावे?

आता प्रश्न आपल्याकडे वळतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुणीवर झालेल्या भयंकर अत्याचाराने व खुनाने सारा देश पेटून उठला होता. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही संशयित पोलिसांच्या गोळ्यांनी मारले गेले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, पेढे वाटले. आपणांपैकी किती जणांना त्या दिवशी मनातून बरे वाटले? खोटे कशाला बोला, पुष्कळांना वाटले.

सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ साली खुल्या झालेल्या अहवालात आयोगाने निष्कर्ष काढला की संशयितांवर जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडण्यात आल्या, आणि चौघांपैकी तिघे घटनेच्या वेळी अल्पवयीन होते. ते दोषी होते की नव्हते, हे न्यायालयात कधीच ठरले नाही; आता ठरणारही नाही. ज्या तरुणीचा जीव गेला, तिलाही न्याय मिळाला नाही. मिळाली ती फक्त आणखी चार प्रेते. मुंबईतील चकमकींवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच सोळा सूचना दिल्या होत्या : गुन्हा नोंदवावा, स्वतंत्र तपास व्हावा, दंडाधिकाऱ्यांची चौकशी व्हावी, आणि चकमकीनंतर लगेच बढती वा शौर्यपदक देऊ नये. पण टाळ्या वाजविणाऱ्या जनतेला कोण सूचना देणार?

हैदराबाद दूर आहे, असे वाटत असेल तर घराकडे या. समजा, तुमच्या घरातून सोन्याची चेन गेली. संशय कामाला येणाऱ्या मुलावर आहे. तुम्ही पोलीस ठाण्यात जाता, तक्रार देता आणि निघताना हळूच म्हणता, ‘साहेब, जरा दोन दांडके लावा, म्हणजे कबूल करील.’ तो मुलगा गरीब आहे, त्याच्या आईला वकील ठाऊक नाही. आठ दिवसांनी चेन कपाटामागे सापडते. चेन तुम्ही गळ्यात घालाल. पण त्या मुलाच्या पाठीवरचे वळ कोणाच्या खात्यावर लिहायचे? दांडका पोलिसाच्या हातात होता, पण तो उचलला आपल्या शब्दाने.

योहानाकडे शिपाई एकटे आले नव्हते. त्यांच्या आधी सर्वसामान्य लोक आले होते, आणि पश्चात्तापाची हाक आधी त्यांना होती. समाजाला मारझोड हवी असेल, तर पोलीसही तसेच घडणार.

म्हणून काही साध्या गोष्टी करता येतील :

• पोलिसांकडे न्याय मागावा, मारहाण मागू नये. संशयिताला मारा, असे सुचवू नये, आणि सुचविणाऱ्याला थांबवावे.

• जमावाने कोणाला चोर म्हणून धरले असेल, तर हात न उचलता त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावे.

• अटक झालेल्याचे नातेवाईक गोंधळलेले असतात. त्यांच्यासोबत ठाण्यात जाणे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो हे सांगणे, हे दयेचे कृत्य आहे. तुरुंगात होतो तेव्हा तुम्ही माझ्याकडे आलात, असे न्यायाच्या दिवशी म्हणणाऱ्या प्रभूची ती सेवा आहे.

• पोलीस आणि सैनिकांच्या कुटुंबांना आधार द्यावा. सण आपला आणि बंदोबस्त त्यांचा, अशी त्यांची गत असते. बारा-बारा तास उभा राहिलेला, झोप न मिळालेला माणूस चटकन चिडतो. त्याच्या रागाचे समर्थन करू नये, पण त्याचा थकवा समजून घ्यावा. त्याच्याकडे वशिला वा चिरीमिरीचा व्यवहार घेऊन जाऊ नये. पगारात समाधानी राहा, हे त्याला पाळता यावे म्हणून आपलीही मदत हवी.

वर्दीतील आपल्या भावा-बहिणींना एवढेच सांगावेसे वाटते : हात उचलण्यापूर्वी ते चार प्रश्न स्वतःला विचारा. गरज आहे का? प्रमाणात आहे का? योग्य माणूस आहे का? मनात राग आहे का? आणि चूक घडलीच, तर ती दडपू नका. प्रायश्चित्त संस्कार तुमच्यासाठीही आहे. मात्र खरा पश्चात्ताप सत्य सांगण्यापासून सुरू होतो.

विभागातील प्रार्थनासभेत चर्चेसाठी प्रश्न

१. योहानाने शिपायांना सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी आज सर्वांत अवघड कोणती वाटते? का?

२. गुन्हेगाराला जागीच मारले पाहिजे, असे आपण कधी म्हटले आहे का? तेव्हा मनात न्याय होता की सूड?

३. आपल्या परिसरात पोलीस दलात वा सैन्यात असलेल्या कुटुंबांसाठी आपण काय करू शकतो?

प्रार्थना : हे प्रभू येशू, शिपायाची चपराक तू सोसलीस आणि त्याला सत्याचा प्रश्नही विचारलास. ज्यांच्या हाती हत्यार आहे त्यांना संयम दे. जे कोठडीत आहेत त्यांना संरक्षण दे. ज्यांच्यावर अन्याय व अत्याचार झाला आहे, त्यांना खरा न्याय मिळू दे. आणि सूडाची गोडी लागलेली आमची मने शुद्ध कर. आमेन.